आईला घेऊन जपान: शहरंच बघावीत की खेड्यातही राहावं?

अबोली (सांगली)

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी, माझे यजमान आणि माझी आई असे तिघं जपानला निघालोय. बारा दिवस आहेत. टोकियोत उतरायचं आणि ओसाकाहून परतायचं, एवढंच नक्की झालंय आणि तिकिटंही काढून झालीत.

आईचं वय ६७. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली. डावा गुडघा दुखतो, पण सपाटीवर हळूहळू तीन-चार किलोमीटर चालते. पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही. यजमानांचं म्हणणं, तिला घेऊन डोंगरातल्या गावांत कशाला जायचं, टोकियो, क्योतो, ओसाका करू, तिथे लिफ्ट आहेत, दवाखाने आहेत. आईने मात्र कुठल्याशा मासिकात जुन्या लाकडी घरांच्या एका गावाचा फोटो पाहिलाय, तो कापून तिने पोथीत ठेवलाय. ती मुद्दाम काही म्हणत नाही, पण पोथी उघडली की फोटो दिसतोच.

तर अशा माणसाला घेऊन खेड्यात राहणं जमतं का? सामानाचं काय करायचं? आणि जेवणाचं? कुणी स्वतः जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.


एदोगावा_वासी

नऊ वर्षं टोकियोत आहे, म्हणून आधी व्यवहाराचं सांगतो. सगळे रेल्वे पास काढायला सांगतील. तुम्ही काढू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून थेट ५०,००० येनवर गेला. टोकियोहून ओसाकाकडे एकाच दिशेने सरकत जाणार असाल तर सुटी तिकिटं त्याच्या निम्म्यात बसतात.

शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वरची बॅग असेल तर तिच्या जागेचं आरक्षण आधी करावं लागतं. त्यापेक्षा मोठ्या बॅगा 'ताक्क्युबिन'ने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या सेवेने, पुढच्या हॉटेलवर पाठवा. हॉटेलच्या काउंटरवरच फॉर्म मिळतो, आकाराप्रमाणे बॅगेला साधारण दोन-अडीच हजार येन पडतात आणि बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी बॅग पोचते. आईंच्या हातात फक्त पर्स राहील.

टोकियोहून निघताना उजवीकडची खिडकी, म्हणजे 'ई' सीट घ्या. हवा स्वच्छ असली तर पाऊण तासाने फुजी दिसतो.


कृष्णाकाठ (वाई)

अबोली, तुला 'तू' म्हणते, चालेल ना? तुझा प्रश्न वाचला आणि गेल्या नोव्हेंबरातले आमचे दिवस जसेच्या तसे पुढे आले. मी, हे आणि आमच्या अहोआई. अहोआई ७१ वर्षांच्या, माळकरी, आणि ऐन उमेदीत अकरा वर्षं पायी वारी केलेल्या. त्यामुळे 'झेपेल का' हा प्रश्न आमच्याकडे आम्हीच विचारत होतो, त्या नाही.

खेड्यात राहाच. नुसतं बघून येऊ नका, रात्री राहा. का ते सांगते.

आम्ही पाच वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. बारा दिवसांत सात देश. तिथल्या डोंगरातलं एक गाव आम्हाला पन्नास मिनिटं दिलं होतं, त्यातली वीस स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. अहोआई बसमध्ये परत बसताना म्हणाल्या, "इथली माणसं कुठं राहतात गं? मला एकही दिसलं नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. म्हणून जपानला स्वतः आखून गेलो आणि बारा दिवसांत फक्त चार मुक्काम ठेवले: टोकियो, त्सुमागो, क्योतो, कोयासान.

टोकियोचं फार लिहीत नाही. तीन दिवस होतो. स्वच्छ, शांत आणि अफाट, पण लिफ्ट शोधत स्टेशनं पालथी घालण्यातच माझा जीव गेला. लिफ्ट असते, पण ती तुला हव्या त्या दरवाजापासून अर्धा किलोमीटर लांब असते.

दुसऱ्याच दिवशी एक वाईट गोष्ट झाली, ती लिहिणं भाग आहे. एका दुकानात आम्ही नुसते उदोन, म्हणजे रश्शातले गव्हाचे जाड नूडल्स, घेतले. वर फक्त कांद्याची पात. मी विचारलं, मांस नाही ना, मासे नाहीत ना? दुकानदाराने नाही म्हटलं, आणि त्याच्या परीने ते खरंच होतं. रात्री मी वाचत बसले तेव्हा कळलं की त्या पातळ रश्शाला, म्हणजे 'दाशी'ला, बहुतेक ठिकाणी सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचा आधार असतो. मिसो सूपला तोच, भाज्या शिजवायलाही तोच. तिकडे त्याला कुणी मासा धरत नाही, तो त्यांच्या स्वयंपाकाचा पायाच आहे. अहोआईंना सांगावं की नाही यावर आम्ही दोघं तासभर बोललो. मग सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. माळ हातात घेऊन खिडकीपाशी बसल्या. चाळीस वर्षांत त्यांच्याकडून असं झालं नव्हतं आणि ते माझ्या हातून झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त केळी आणि भात खाल्ला.

म्हणून अबोली, 'शाकाहारी' हा शब्द तिथे पुरत नाही. जपानी जाणणाऱ्याकडून एक चिठ्ठी लिहून घे: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, आणि माशाची दाशीही नाही, कोम्बु किंवा शिताकेची दाशी चालेल. कोम्बु म्हणजे समुद्रातली वनस्पती, शिताके म्हणजे अळंबी. मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी हे महिनाभर आधी कळव. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं ने. त्यांचा भात आपल्या आंबेमोहोरासारखा मऊ आणि चिकट, मेतकूट आणि तुपाबरोबर असा लागतो की परदेशात आहोत हे विसरायला होतं.

आता त्सुमागो. जुन्या काळी एदो, म्हणजे आजचं टोकियो, आणि क्योतो यांना जोडणारा डोंगरातून जाणारा नाकासेन्दो नावाचा रस्ता होता. त्यावर ६९ टप्प्यांची गावं. त्यातली मागोमे आणि त्सुमागो ही शेजारची दोन किसो खोऱ्यात आहेत. नागोयाहून नाकात्सुगावा स्टेशन तासाभराच्या आत, तिथून मागोमेची बस साधारण अर्ध्या तासाची. खेड्यातल्या बससाठी सुटी नाणी जवळ ठेव.

दोन गावांमधली जुनी पायवाट आठ किलोमीटरची आहे. मागोमेहून आधी चढ लागतो, सुमारे ८०० मीटरवर खिंड, मग त्सुमागोपर्यंत उतार. आम्ही मागोमेहून बसने खिंडीपर्यंत गेलो आणि तिथून उतरायला लागलो. माणसं दोन तासांत उतरतात, आम्हाला साडेतीन लागले. खरं सांगते, गुडघ्याला चढापेक्षा उतार वाईट, आणि मध्ये दगडी फरसबंदी आहे, पावसाने ती निसरडी होते. तुझ्या आईने हा रस्ता चालू नये असंच मी म्हणेन. मागोमेहून त्सुमागोला बस जाते. दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात, म्हणून वेळापत्रक आधी बघून ठेव. अहोआईंचा हट्ट होता म्हणून आम्ही चाललो, हातात काठी आणि मागे हे.

वाटेत ठिकठिकाणी खांबाला पितळी घंटा टांगल्या आहेत. अस्वलं आसपास असतात, त्यांना चाहूल लागावी म्हणून प्रत्येक वाटसरू त्या वाजवतो. अहोआई प्रत्येक घंटा देवळात वाजवावी तशी वाजवत होत्या आणि वर हातही जोडत होत्या.

अर्ध्या वाटेवर एक जुनं घर आहे, पूर्वी तिथे वाटसरू टेकायचे. आत जमिनीत खोदलेली चौकोनी शेगडी, वर टांगलेली काळी किटली, धुराने काळवंडलेल्या तुळया. तिथल्या आजोबांनी चहा दिला. पैसे घेत नाहीत, इच्छा असेल तर पेटीत टाकायचे. अहोआईंनी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. ते त्या खोऱ्यातलं एक लोकगीत म्हणाले, अगदी संथ, लांबवलेल्या सुरात. संपल्यावर अहोआईंनी एक गौळण म्हटली. दोघांनाही एकमेकांचा शब्द कळला नव्हता, पण गौळणीच्या शेवटी आजोबा टाळीचा ठेका बरोबर धरत होते. वारीत अनोळखी गावातल्या ओसरीवर त्या अशाच बसत असतील, असं मला तेव्हा वाटलं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

त्सुमागोला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. दिवसभर फिरायला आलेले लोक परत निघाले होते, दुकानांच्या फळ्या लागत होत्या. पाचनंतर रस्त्यावर आम्ही, एक मांजर आणि पाण्याचा आवाज. विजेच्या तारा समोर कुठे दिसत नाहीत. दारादारांत मंद दिवे. ही वेळ बसने येऊन-जाऊन मिळत नाही, म्हणून मी 'राहा' म्हणतेय.

आम्ही राहिलो त्या घराच्या मालकीणबाईंनी आमच्या चिठ्ठीप्रमाणे सगळं कोम्बुच्या दाशीत केलं होतं. रानभाज्या, अळंबीची भजी, भात. त्या भागात जेवणात नदीचा मासा असतोच, तो त्यांनी फक्त ह्यांच्या पानात वाढला. आंघोळीला लाकडी टब, घरातल्या माणसांनी एकेकाने जायचं, त्यामुळे संकोचाचा प्रश्न आला नाही. झोपायला जमिनीवर गाद्या. तुझ्या आईला खाली बसून उठता येत नसेल तर खुर्ची आधी मागून ठेव.

तिथे मला जे कळलं त्याने मी रात्री बराच वेळ जागी होते. रेल्वे आणि नवा रस्ता आला तसा जुन्या वाटेचा उपयोग संपला, गाव रिकामं होत गेलं. मग गावकऱ्यांनीच घरं दुरुस्त करायला घेतली आणि १९७१ साली एक सनद केली: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. तीनच गोष्टी. १९७६ मध्ये सरकारने गावाला संरक्षण दिलं, पण लोकांनी ते त्याआधीच ठरवलं होतं. अबोली, मी लग्न होऊन वाईला आले तेव्हा आमच्या आळीत सागवानी खांबांचे, चौकाचे तीन वाडे होते. तिन्ही माझ्या डोळ्यांदेखत पडले. शेवटच्याच्या तुळया ट्रकमध्ये भरताना मी माडीवरून पाहत होते. आपल्याकडे प्रत्येक घरात भावांच्या वाटण्या आहेत, दुरुस्तीचा खर्च आहे, कुणाला दोष द्यावा असं नाही. पण त्सुमागोलाही हे सगळं असणारच ना? हे मला अजून सुटलेलं नाही.

क्योतोत चार दिवस होतो. गर्दी प्रचंड. कियोमिझु देऊळ सकाळी सहाला उघडतं, आम्ही सव्वासहाला तिथे होतो आणि लाकडी सज्जावर जेमतेम वीस माणसं होती. आठनंतर तिथे जाऊ नये. पण तुझ्या आईला मी सगळ्यात आधी सान्जुसान्गेन्दोला नेईन. जवळजवळ १२० मीटर लांब लाकडी सभागृह, १२६६ सालचं, आणि आत सहस्रभुज कान्नोनच्या १००१ मूर्ती, मधली मोठी बसलेली आणि बाकी हजार रांगेने उभ्या. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. पुढच्या ओळीत रक्षक देवता आहेत, त्यांत इंद्र, ब्रह्मा, गरुड सगळे आहेत, जपानी नावांनी. वीणा घेतलेली सरस्वती तिकडे बेन्झाइतेन होते. अहोआई गरुडापाशी पाच मिनिटं उभ्या राहिल्या. तो बासरी वाजवतो तिथे. सगळं सपाट आहे, चपला काढून लाकडी जमिनीवर चालायचं, गुडघ्याला काही त्रास नाही.

आणि शेवटी कोयासान. ओसाकाच्या नांबाहून गाडीने गोकुराकुबाशी, तिथून पाच मिनिटांची केबल कार, मग बस. डोंगरावर सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेलं देवळांचं गाव, कुकाई नावाच्या आचार्यांनी नवव्या शतकात वसवलेलं. शंभराहून जास्त देवळं आहेत आणि त्यातली पन्नासेक यात्रेकरूंना राहायला खोली देतात. त्याला 'शुकुबो' म्हणतात. जेवण 'शोजिन र्‍योरी', भिक्षूंचं जेवण. त्यात मासा नाही, अंडं नाही, इतकंच काय, कांदा-लसूणही नाही. तिळाचं तोफू, गोठवून वाळवलेलं कोयाचं तोफू, भोपळा, कमळाचं देठ. उदोनच्या प्रसंगानंतर आठ दिवस अहोआई प्रत्येक घास विचारून खात होत्या. तिथल्या भिक्षूने ताट ठेवलं, दोन्ही हात जोडले, आणि त्यांनी काही न विचारता पहिला घास घेतला. मला रडू आलं. हे आता लिहिताना पुन्हा येतंय.

पहाटे सहाच्या सुमाराला प्रार्थना असते. काही देवळांत अग्नीत समिधा टाकून 'गोमा' करतात. शब्द आपलाच, होम. कुकाई ८०४ साली चीनला गेले होते आणि तिथे त्यांनी भारतातून आलेल्या एका भिक्षूकडे संस्कृतही शिकून घेतलं.

ओकुनोइनला जाणारी वाट दोन किलोमीटरची, जवळपास सपाट, दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सुगी वृक्ष आणि दोन लाखांवर समाध्या. कितीतरी दगड पाच आकारांचे आहेत, चौकोनावर गोल, त्यावर त्रिकोण, असे. पंचमहाभूतं. त्यांवर सिद्धम् लिपीत अक्षरं कोरलेली असतात, खालून वर अ, व, र, ह, ख. आपल्या देवनागरीची ती चुलत बहीणच. अहोआई शेवाळ बोटाने बाजूला न करता नुसत्या वाकून वाचायचा प्रयत्न करत होत्या.

वाटेच्या शेवटी कुकाईंचं स्थान. तिथले लोक मानतात की ते ८३५ सालापासून समाधीत बसले आहेत, गेलेले नाहीत. रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला भिक्षू लाकडी पेटीतून त्यांच्यासाठी जेवण नेतात. शेवटचा पूल ओलांडल्यावर फोटो काढायचे नाहीत, बोलायचंही हळू. साडेदहाची पेटी आमच्या समोरून गेली. मी समजावून सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात अहोआईंनीच हात जोडले आणि म्हणाल्या, "मला कळलं. आळंदी आहे."

बाकी काय विचारायचं ते विचार. थंडीचे कपडे जास्त घे, कोयासानला खालच्यापेक्षा खूपच गार असतं.


बोधी

कृष्णाकाठ, वाचून मन भरलं. एक भर घालतो. कोयासानला जाताय तर तिथल्या विद्यापीठाच्या आवारात जरूर जा. बाबासाहेबांचा पुतळा आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. मी २०१९ ला गेलो होतो. इतक्या लांब, धुक्यात, देवदारांमध्ये ते उभे दिसले आणि मी तिथेच बसलो. बसमध्ये भेटलेल्या एका जपानी आजींनी माझ्याबरोबर फुलं वाहिली. ओकुनोइनच्या रस्त्यावरूनच वळता येतं, वेगळा दिवस लागत नाही.


घाटमाथा

वरच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त एक वेगळा विचार. गुडघा दुखतो म्हणताय तर त्सुमागोऐवजी शिराकावागो बघा. ताकायामाहून बस पन्नास मिनिटांत थेट गावात सोडते, गाव सपाट आहे. गवताने शाकारलेली उंच उतरती छपरं, जोडलेल्या हातांसारखी, म्हणून त्यांना 'गाश्शो' म्हणतात. माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे. छप्पर बदलायचं असलं की सगळं गाव एकत्र येतं, कोकणात आमचे आजोबा घर शाकारायला वाडीतल्यांना बोलवायचे तसंच. १९९५ पासून जागतिक वारसा आहे. पोथीतला फोटो या गावाचाच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.


कृष्णाकाठ (वाई)

घाटमाथा, तुमचं बरोबर आहे, चालायच्या दृष्टीने ते सोपं आहे. पण अबोलीच्या बारा दिवसांत ताकायामा आणि कोयासान दोन्ही घातलं तर प्रवासाचे दोन दिवस वाढतील आणि शेवटी कात्री कोयासानलाच लागेल. शाकाहारी आईसाठी कोयासान मी सोडू देणार नाही. अबोली, आधी तो फोटो नीट बघ. छप्पर गवताचं आणि खूप उतरतं असेल तर शिराकावागो, लाकडी जाळ्यांच्या खिडक्यांची ओळीने घरं असतील तर त्सुमागोसारखं गाव. जे असेल तिथे दोन रात्री राहा आणि क्योतोतला एक दिवस कमी कर.


अबोली (सांगली)

काय लिहू, सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. उदोनच्या ठिकाणी तिने मला थांबवलं आणि विचारलं, "मग त्या बाई नंतर जेवल्या का नीट?" कोयासानपर्यंत आल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

फोटो काढून बघितला. गवताची छपरं नाहीत. लाकडी घरं आहेत, दोन्ही बाजूंना, मधून ओला रस्ता आणि लांबवर डोंगर. खाली नाव छापलंय ते पोथीच्या घडीत फाटलंय, पण शेवटचं अक्षर 'गो' आहे. यजमान म्हणाले, नेमकं दोन्ही गावांचं शेवटचं अक्षर तेच. पण घरं बघून त्यांनीच त्सुमागोच्या दोन रात्री आणि कोयासानच्या दोन रात्री वहीत लिहिल्या. मागोमेहून बसनेच जाणार.

कृष्णाकाठताई, ती जपानी चिठ्ठी तुमच्याकडे अजून असेल तर तिचा मजकूर इथेच टाकाल का? आणि तुमच्या अहोआईंना माझ्या आईचा नमस्कार सांगा.


कृष्णाकाठ (वाई)

चिठ्ठी आहे. पासपोर्टच्या पाकिटात अहोआईंनीच जपून ठेवली आहे. संध्याकाळी त्या हरिपाठाहून आल्या की फोटो काढून टाकते. नमस्कार आत्ताच फोनवर सांगितला, त्या म्हणाल्या, आजोबांना द्यायला लाडू न्यायला सांग.